चेहरा दिसला पाहिजे

ती सगळं एकमेकांना जोडून घ्यायची वर्षं होती. गॅस बँकेला जोडा, बँक आधारला जोडा, आधार मोबाईलला जोडा. रोज कुठून ना कुठून निरोप यायचा आणि मी पिशवीत कागद घालून रांगेत जाऊन उभी राहायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. बऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात माझी हयात गेली होती, रांगा लावणं आणि लावून घेणं दोन्ही अंगवळणी पडलं होतं. पण त्याच सुमारास माझ्या मुलाने मलाही जोडून घेतलं, आणि ते मात्र माझ्या पचनी पडलं नाही.

मुलगा पुण्याला, मुलगी इंदूरला. यजमान गेल्यापासून गावाच्या लालबाग भागातल्या आमच्या घरात मी एकटी. घर लहान, पण आम्ही दोघांनी बांधलेलं. पुढे ओसरी, मग थोडंसं अंगण, पश्चिमेला तोंड केलेलं फाटक आणि फाटकाबाहेर अरुंद गल्ली. समोरच्या घरात एक वहिनी राहतात. माझ्याहून बऱ्याच लहान, माहेर दापोऱ्याचं, केळीच्या बागायतदारांच्या घरातलं. त्यांचे यजमान दिवसभर दुकानावर असतात आणि घरी सासूबाई. त्या सासूबाईंना ऐकू जवळजवळ येतच नाही. गल्लीत माझी सोबत म्हणजे या दोघी.

आमच्या मागच्या गल्लीतलं एक कुटुंब खंडव्याला लग्नाला गेलं आणि त्यांच्या घराचं कुलूप तुटलं. बातमी माझ्याआधी माझ्या मुलांना कळली. लेकीने इंदूरहून फोन करून मला कड्या तपासायला लावल्या. मुलगा दिवाळीला आला तो हातात एक खोकं घेऊनच. त्यातून त्याने पांढरा, गोल, पेरूएवढा कॅमेरा काढला, दिवाणखान्यातल्या शोकेसवर ठेवला, वायफाय जोडलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात मी दिसत होते, पलंगावर बसून मोबाईलकडे बघणारी.

"आता काळजी नाही, आई," तो म्हणाला. "मी पुण्याला बसून तुला बघू शकतो."

त्याच्या आवाजात इतकी माया होती, की मी मान हलवली. निघताना त्याने तो कॅमेरा बहिणीच्या मोबाईललाही जोडून दिला.

सुरुवातीला मला मौज वाटली. मी जेवायला बसले की फोन यायचा, की आई, आज इतका उशीर का. मी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची. मग लेकीचा फोन आला, स्टुलावर चढू नकोस. मग सूनबाईचा, आई, दुपारची गोळी राहिली वाटतं. तिघांचंही चुकत नव्हतं. गोळी खरंच राहिली होती. पण हळूहळू घरातल्या घरात माझं वागणं बदललं. मी सकाळपासून नीट साडी नेसून बसू लागले. दुपारी पलंगावर पाय पसरेनाशी झाले. यजमानांच्या फोटोशी दोन शब्द बोलायची मला सवय होती, भाजी काय केली, कोण भेटलं, एवढंच. ते बोलणं मी बंद केलं. पोरं बघतील आणि म्हणतील, आईचं काहीतरी बिनसलंय.

कॅमेरा स्वयंपाकघरात पोचत नव्हता, म्हणून मी स्वयंपाकघरात राहायला लागले. चहा तिथेच, वर्तमानपत्र तिथेच, दुपारची डुलकीही तिथेच, भिंतीला टेकून. दिवाणखाना ओलांडताना मी पाहुण्याच्या घरातून चालल्यासारखी चालायची.

एका दुपारी समोरच्या वहिनी दापोऱ्याहून आलेली केळी द्यायला आल्या. मी पाटावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, चांगला पलंग सोडून इथे का. मी कारण सांगितलं. त्या उठून दिवाणखान्याच्या दाराशी गेल्या, शोकेसवरच्या कॅमेऱ्याकडे लांबूनच पाहिलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसल्या.

"चोर तं बाहेरूनच येईन ना, बाई?" त्या म्हणाल्या. "मग त्याचा कॅमेरा घरात कायले?"

मी मुलींना आयुष्यभर सांगत आले होते, आधी उदाहरण नीट वाचा, काय विचारलंय ते बघा, मग आकडेमोड. इथे उदाहरणच उलटं मांडलं गेलं होतं. घराला धोका बाहेरून होता आणि पाहिलं जात होतं मला. मी उठले, दिवाणखान्यात गेले आणि कॅमेऱ्याची वायर काढली. मग पलंगावर पाय पसरून बसले आणि वहिनींना तिथेच चहा दिला.

चहा संपायच्या आत मुलाचा फोन आला. त्याचा जीव घाबरा झाला होता. मी त्याला शांतपणे सांगितलं, की मी ठीक आहे, कॅमेरा मीच बंद केलाय आणि तो परत चालू होणार नाही. त्याला आधी खरं वाटेना, मग राग आला. एकटं राहायचं म्हटलं तर काहीतरी सोय पाहिजे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, सोय पाहिजेच, पण फाटकावर. त्यावर त्याने तिकडच्या एका कंपनीचं नाव घेतलं, त्यांची माणसं येऊन सगळं बसवून जातील म्हणाला.

"त्यांना माझं घर माहीत नाही," मी म्हटलं. "माझ्या घराचा कॅमेरा मी निवडीन."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"अजून काही नाही. कळून घेईन."

शेवटी संक्रांतीपर्यंत थांबायला तयार झाला. तोवर मी काही बसवलं नाही, तर तो स्वतः येऊन खोलीखोलीत कॅमेरे लावणार होता. मी कबूल केलं. फोन ठेवताना माझ्या अंगात कितीतरी दिवसांनी हुशारी आली होती. परीक्षेची तारीख लागली की वर्गाला यायची तशी.

दुसऱ्या दिवशी मी शनवारा चौकाकडच्या एका दुकानात गेले. मोठं दुकान, भिंतभर टीव्ही, टीव्हीवर रस्ता. काउंटरवरच्या माणसाने माझ्या मागे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. मग म्हणाला, "भाईसाहब को ले आइए, उनको समझा देंगे." मी म्हटलं, भाईसाहब मीच आहे, मला समजवा. तो हसला आणि त्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. चार कॅमेऱ्यांचा सेट, आठ कॅमेऱ्यांचा सेट, त्यावर टीव्हीचा स्टँड फुकट. मी त्याला विचारलं, हा समोरच्या रस्त्यावरून जो माणूस आत्ता गेला, त्याचं चित्र थांबवता येईल का. त्याने थांबवलं. मोठं करा म्हटलं. मोठं केलं. पडद्यावर पिठल्यासारखं काहीतरी पसरलं होतं. हा माणूस उद्या तुमच्यासमोर आला तर ओळखाल का, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, की मॅडम, कॅमेरा लावलेला दिसला की चोर येतच नाही, ओळखायची वेळच येत नाही.

मी घरी आले. या उत्तराला मी पेपरात शून्य दिलं असतं.

मग मी ठरवलं, दुकानात कॅमेरे बघण्यात अर्थ नाही, लावलेले बघितले पाहिजेत. या गावात माझ्या हाताखालून गेलेल्या मुली गल्लोगल्ली आहेत, कुणी मोहल्ल्यातच दिलेली, कुणी शाळेत शिकवणारी. त्यातल्या एकीच्या सासरी पॉवरलूमचा कारखाना आणि घर एकाच आवारात आहे. तिच्याकडे आठ कॅमेरे होते. तिने मला कौतुकाने खुर्चीत बसवून आदल्या दिवसाचं सगळं दाखवलं. फाटकातून माणसं येत होती, जात होती. मी बघत राहिले आणि मला हळूहळू कळलं, की मला एकही माणूस दिसत नाहीये. मला टोप्या दिसत होत्या. रुमाल, भांग, टक्कल, अंबाडे. तिचा स्वतःचा नवरा आला तो तिने चालीवरून ओळखला.

कॅमेरे छताच्या कडेला, अगदी वर लावले होते. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, जितका वर तितका सुरक्षित.

घरी येताना रिक्षात मला हसू फुटत होतं. हे तर दहावीच्या पुस्तकातलं होतं. उंची जास्त आणि अंतर कमी, म्हणजे नजर उभी खाली पडणार, माणसाच्या माथ्यावर. चेहरा हवा असेल तर कॅमेरा खाली आला पाहिजे किंवा माणूस लांब गेला पाहिजे. माझं अंगण लहान, माणूस लांब जाऊ शकत नव्हता. म्हणून कॅमेऱ्याला खाली यावं लागणार होतं.

मी खडू घेऊन अंगणातल्या फरशीवर त्रिकोण काढला. एवढ्याने समाधान होईना, तेव्हा वहिनींना हाक मारली. त्यांना सांगितलं, तुम्ही चोर व्हा. त्या तयारच होत्या. मी जाळी काढायच्या लांब काठीला माझा मोबाईल दोरीने बांधला, ओसरीत उभी राहिले, आणि वहिनी फाटकातून आत यायच्या वेळी टायमर लावून फोटो काढायला लागले, काठी कधी वर, कधी खाली. वहिनी चांगल्या चोर निघाल्या. एकदा साध्या आल्या, एकदा तोंडावर पदर घेऊन, एकदा यजमानांचं हेल्मेट घालून. गल्लीतल्या बायका कुंपणाशी जमा झाल्या. समोरच्या सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना वाटलं सून नाटकात काम करतेय, त्यांनी तिला नीट बोलायला सांगितलं.

फोटो आम्ही दोघींनी पलंगावर बसून पाहिले. काठी छताशी असताना वहिनींचा नुसता भांग. ओसरीच्या खांबावर, माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर असताना वहिनी पूर्ण, नाकातल्या चमकीसकट. जागा ठरली. पण वहिनींनी लगेच पेच टाकला. इतक्या खाली असला तर चोर तोच तोडून नेणार. त्यावर विचार करत मी संध्याकाळचा स्वयंपाक केला आणि भाकरी थापताना उत्तर सापडलं. दुसरा कॅमेरा वर छताला लावायचा. खालचा माणसाकडे बघेल आणि वरचा खालच्याकडे. वरून अंगण, फाटक आणि गल्लीही दिसेल. दोन पुरेत, चार कशाला आणि आठ कशाला.

आता मी दुकानात गेले ती ऐकायला नाही, सांगायला. आणखी दोन ठिकाणी फिरले. एकाने हसून टाळलं. एकाने माझं ऐकून घेतलं आणि शेवटी चारचाच सेट पुढे ठेवला. मग स्टेशनच्या रस्त्यावर एक लहान दुकान सापडलं. मालक पन्नाशीतला, कमी बोलणारा. मी त्याला म्हटलं, मला पेटीवरचं काही वाचायचं नाही, मला कॅमेरा माझ्या फाटकावर लावून दाखवा, आणि तोही दिवेलागणीच्या आधी, सूर्य बुडताना. माझं फाटक पश्चिमेला आहे. त्या वेळी येणाऱ्याच्या पाठीशी ऊन असतं आणि समोरून बघणाऱ्याला त्याची नुसती काळी आकृती दिसते. हे मला रोज दूधवाला आला की दिसायचं.

त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "शाम को टेस्ट?" तो म्हणाला. "आज तक किसी ने नहीं बोला." मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, की येतो.

तो आला, स्कूटरवर डबे बांधून. पहिला कॅमेरा लावला. वहिनी पुन्हा चोर झाल्या. पडद्यावर फाटकातून एक काळी सावली आत आली. तिला नाक नव्हतं, डोळे नव्हते. दुकानदार म्हणाला, हाच सगळ्यात जास्त खपतो. मी म्हटलं, खपू दे, दुसरा लावा. त्याने दुसरा लावला. दिसायला तसाच, पण उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेणारा. सूर्य अगदी समोरच्या घराच्या गच्चीला टेकला होता. वहिनी आत आल्या आणि पडद्यावर त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला, मागे सगळं आभाळ पेटलेलं असताना. दुकानदार स्वतःच पडद्याजवळ वाकला. वहिनींना त्याने परत एकदा यायला सांगितलं, फक्त स्वतःच्या समाधानासाठी.

बाकीचं पटापट ठरत गेलं. रेकॉर्डिंगची पेटी सगळे टीव्हीखाली ठेवतात आणि चोर टीव्हीबरोबर तीही नेतो. मी ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पापडांच्या डब्यांमागे ठेवायला लावली. लाईट गेली तरी चालावं म्हणून सगळं इन्व्हर्टरवर घेतलं. छोटा पडदा स्वयंपाकघरातच, ओट्याच्या वर. आणि एक गोष्ट मी स्वतःहून मागितली. फाटकाशी भोंगा आणि ओट्यापाशी माईक, म्हणजे दार न उघडता मला बोलता येईल. दुकानदाराने आवाज लहान ठेवू का विचारलं. मी त्याला माईकवर बोलून दाखवलं. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायचं काम माझ्याकडेच असायचं. गल्लीच्या टोकाचा कुत्रा उठून उभा राहिला. आवाज आहे तसाच ठेवला.

संक्रांतीच्या आधी सगळं बसलं. मुलाला आणि मुलीला मी दोन्ही कॅमेरे त्यांच्या मोबाईलवर दिले. त्यांना माझं फाटक, अंगण आणि गल्ली दिसू लागली. मुलाने बराच वेळ बघितलं असणार, कारण त्याचा फोन उशिरा आला. चित्र फार चांगलं आहे म्हणाला. मग अडखळत म्हणाला, की आत एक तरी हवा होता, तू पडलीस-बिडलीस तर. त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला सांगितलं, की रोज सकाळी उठले की मी फाटक उघडून ओसरीत उभी राहीन, तेवढं बघ. एखाद्या दिवशी दिसले नाही तर वहिनींना फोन कर, त्यांच्याकडे माझी किल्ली आहे. आतलं काय ते मी फोनवर सांगत जाईन. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी यजमानांच्या फोटोला तिळगूळ दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली, मोठ्याने.

होळीच्या आधीची गोष्ट. ऊन तापायला लागलं होतं. दुपारी मी ओट्यापाशी डाळ निवडत होते आणि पडद्यावर दोन माणसं फाटकाशी आलेली दिसली. एकाच्या खांद्याला बॅग, दुसऱ्याच्या हातात पावडरचा डबा. कपडे नीटनेटके, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. त्यांनी बेल वाजवली. मी माईकवरूनच विचारलं. कंपनीचा प्रचार चालू आहे, तांब्यापितळेची भांडी फुकट चमकवून देतो, असं त्यांनी हिंदीत सांगितलेलं कॅमेऱ्यातून ऐकू आलं. आधी भांडी, मग चांदी, मग सोनं, हा प्रकार मी ऐकून होते. आमच्या गावातल्याच नाही तर धूलकोटच्याही एका बाईचे दागिने असेच गेल्याचं वहिनींच्या माहेरची माणसं बोलत होती. मी नको म्हटलं. दोघं हसून नमस्कार करून निघाले.

मी परत डाळ निवडायला लागले. पण नजर वर गेली, आणि वरच्या कॅमेऱ्यात ते दोघं समोरच्या ओट्यावर बसलेले दिसले. त्यांच्या मधोमध सासूबाई. वहिनी त्या दिवशी दापोऱ्याला गेल्या होत्या, यजमान दुकानावर. आधी तांब्या चमकला. तो त्यांनी सासूबाईंच्या तोंडासमोर फिरवून दाखवला. मग सासूबाई आपल्या हातातल्या पाटल्या काढायला लागल्या. त्या सहज निघेनात, तर एक माणूस हाताला साबण लावून मदत करत होता. एका पातेल्यात पिवळं पाणी तयार होतं. पाटल्या त्यात पडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

फोन करावा तर सासूबाईंना ऐकू येत नाही. धावत जावं तर मी जाईपर्यंत ते पसार झाले असते. माझा हात आपोआप माईककडे गेला.

"दोघं जण जिथे आहात तिथेच थांबा," मी म्हटलं. "तुमचे चेहरे माझ्याकडे रेकॉर्ड झालेत. पातेलं खाली ठेवा."

मी ओरडले नाही. वर्गात मागच्या बाकावर कॉपी चालली असली की जसं बोलायची तसंच बोलले. पण भोंग्याने तो आवाज साऱ्या गल्लीत नेला. दोघंही ताडकन उठले आणि आवाज कुठून आला म्हणून आमच्या घराकडे बघू लागले, थेट वरच्या कॅमेऱ्यात. मग मी हिंदीत तेच पुन्हा सांगितलं आणि शेजाऱ्यांना घरांच्या क्रमाने हाका मारायला सुरुवात केली, हजेरी घ्यावी तशी. दारं उघडली. ओल्या हातांनी, लाटणं घेऊन, जशा होत्या तशा बायका बाहेर आल्या. दोघांनी पातेलं तिथेच टाकलं, बॅगही टाकली आणि गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकलवर बसून पळाले.

मी पोचले तेव्हा सासूबाई ओट्यावर तशाच बसल्या होत्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. भली माणसं अर्धवट काम टाकून का पळाली, हे त्यांना कळेना. मी पातेल्यातून पाटल्या काढल्या, नळाखाली धुतल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या उन्हात धरून उलटसुलट करून पाहिल्या.

"काही चमकल्या नाही," त्या नाराज होऊन म्हणाल्या.

बायका हसत सुटल्या. मीही सासूबाईंच्या शेजारीच ओट्यावर बसले.

वहिनी बातमी ऐकून संध्याकाळच्या आत परतल्या. आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने आधी कंटाळून कागद पुढे ओढला. लोक कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणतात, पण त्यात काही दिसत नाही, असं तो म्हणाला. मी मोबाईल त्याच्यापुढे ठेवला. माझ्या फाटकाशी उभे असलेले दोन चेहरे, समोरून, नमस्कार करताना. एकाच्या भुवईवरचा व्रणसुद्धा दिसत होता. अधिकारी सरळ बसला, त्याने शेजारच्याला बोलावलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. ते फोटो त्याच संध्याकाळी जिल्ह्यातल्या ठाण्यांमध्ये गेले. नेपानगरच्या बाजूला एका लॉजवर ते दोघं सापडले, अशाच दुसऱ्या बायकांचे दागिने जवळ असताना. ओळख पटवायला मला बोलावलं, तेव्हा तिथे धूलकोटची ती बाई आलेली होती. तिचं मंगळसूत्र मिळालं होतं. ती माझा हात धरून बराच वेळ उभी राहिली.

मुलाने तो सगळा प्रसंग पुण्यात मोबाईलवर पाहिला होता, पुन्हापुन्हा. त्याने तो आपल्या ऑफिसातही दाखवला म्हणे. लेक फोनवर रडली आणि मग हसली. दोघांपैकी कुणीही आतल्या कॅमेऱ्याचा विषय त्यानंतर काढला नाही.

पण गावाने मात्र मला सोडलं नाही. ज्या विद्यार्थिनीकडे आठ कॅमेरे होते तिने पहिल्यांदा बोलावलं. त्यातले दोन आम्ही खाली आणले आणि तिचा नवरा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात तोंडाने आत आला. मग तिच्या नणंदेकडे, मग शाळेत. स्टेशन रस्त्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागला, की आधी मॅडमना जागा दाखवा. मी काठी आणि खडू घेऊन जायची आणि वहिनी बरोबर असायच्या, कारण चोराचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

वैशाखात वहिनींच्या भावाने आम्हाला दापोऱ्याला नेलं. त्याच्या मळ्यातली विहिरीवरची मोटर आणि केबल आधीच्या वर्षी चोरीला गेली होती. तिथे त्याने आधीच एक कॅमेरा लावून ठेवला होता, हालचाल दिसली की मोबाईलवर घंटी वाजवणारा. तो बिचारा जागरणांनी आणि घंटीने हैराण झाला होता. आम्ही पोचलो तेव्हाही त्याच्या खिशात मोबाईल वाजतच होता. मी कॅमेऱ्याखाली जाऊन उभी राहिले आणि तो जिकडे बघत होता तिकडे पाहिलं. समोर केळीची बाग होती, आणि तापीकडून येणाऱ्या वाऱ्यावर सगळी पानं हलत होती.

मी बॅगेतून खडू काढला. पण तिथे फरशी नव्हती, काळी माती होती. म्हणून वहिनींनी केळीचा एक वाळका देठ मोडून माझ्या हातात दिला आणि मी मातीवर रेघ ओढायला लागले. विहीर इथे, वाट इथे, बाग या बाजूला. भाऊ उकिडवा बसून बघत होता. कॅमेरा विहिरीच्या पलीकडे नेऊन बागेकडे त्याची पाठ करायची आणि तोंड वाटेकडे, एवढंच करायचं होतं. त्याने लगेच शिडी आणायला माणूस पाठवला.

वहिनी तोवर वाटेच्या टोकाला पोचल्या होत्या. पदर कमरेला खोचून त्यांनी तिथून विचारलं, साधी येऊ की वाकून येऊ. मी हाताने खूण केली, वाकून या.